साइटला हात न लावता: ब्रॉडहेड जुळवण्याची नोंद

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगते. 30 मीटरवर फील्ड पॉइंटचे (सरावाच्या साध्या टोकाचे) तीन बाण मुठीत मावतील इतक्या जागेत बसत होते. त्याच दांड्यांवर त्याच वजनाची तीन पात्यांची ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार टोकं, चढवली, तर तिन्ही बाण पाच इंच डावीकडे आणि दोन इंच खाली. ग्रुप चांगला होता, फक्त जागा चुकलेली. साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, सरकवून पाच मिनिटांत मोकळी होता आलं असतं, पण ते करायचं नाही असं ठरवलं. ब्रॉडहेडचं प्रत्येक पातं म्हणजे बाणाच्या तोंडाशी बसवलेला पंख. बाण धनुष्यातून किंचित तिरका निघाला की फील्ड पॉइंट असताना मागची पिसं त्याला सावरून घेतात. ब्रॉडहेड असलं की पुढची पातीही हवा कापून त्याला आपल्याकडे ओढतात. साइट सरकवल्याने बाण तिरका जायचा थांबत नाही. अंतर किंवा वारा बदलला की तोच तिरकेपणा वेगळ्या जागी दिसतो. शिकारीच्या बाणात पाच इंचांची चूक म्हणजे जखमी होऊन पळालेलं जनावर, त्यामुळे इथे तडजोड नाही.

माझी जुळणी: 55 पौंड जोराचं कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य), उजव्या हाताचं. 28 इंचांची कार्बन दांडी, 340 स्पाइन (दांडीचा ताठपणा), 100 ग्रेनचं टोक (ग्रेन हे वजनाचं लहान एकक), पूर्ण बाण 415 ग्रेन.

पहिली दोन सत्रं पिसं रेस्टला (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराला) लागतात का हे बघण्यात गेली. रेस्टवर आणि पिसांवर पायाच्या पावडरचा स्प्रे मारला आणि एकच बाण सोडला. खालच्या पिसाच्या कडेला नखाएवढी जागा पुसली गेली होती आणि रेस्टच्या एका बोटावरही तशीच रेघ. इतका बारीक स्पर्श कानाला ऐकू येत नाही, फील्ड पॉइंटच्या ग्रुपमध्येही दिसत नाही. ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताच खाली पडणारा) जरा उशिरा पडत होता. त्याची दोरी जुळवली, नॉक (बाणाच्या मागची, दोरीत बसणारी खाच) थोडा फिरवला, पुन्हा पावडर मारली. या वेळी पावडर जशीच्या तशी राहिली. हे आधी न करता रेस्ट डावी-उजवी करत बसलात तर ती मेहनत वाया जाते.

मग दोन मीटरवरून ताणलेल्या कागदातून बाण मारून तो कसा फाटतो ते पाहिलं. शेपटीकडची फाट टोकाच्या भोकापेक्षा अर्धा इंच वर होती, म्हणजे नॉक उंच. रेस्ट एक मिलिमीटरभर वर घेतल्यावर फाट जवळजवळ गोल आली आणि ब्रॉडहेडचं दोन इंच खाली जाणंही त्याच दिवशी संपलं.

डावीकडचे पाच इंच मात्र चिवट निघाले. नियम सोपा आहे: साइट बाण जिथे लागतो त्या दिशेला सरकवतात, रेस्ट मात्र फील्ड पॉइंट जिथे लागतात त्या दिशेला. ब्रॉडहेड डावीकडे, म्हणून रेस्ट उजवीकडे, एका वेळी 1/32 इंच, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर. दर वेळी तीन फील्ड पॉइंट आणि तीन ब्रॉडहेड, वेगवेगळ्या ठिपक्यांवर, नाहीतर पात्यांनी आपलीच पिसं कापली जातात. दोनदा सरकवल्यावर अंतर साडेतीन इंचांवर आलं. तिसऱ्यांदा जेमतेम अर्धा इंच फरक पडला. तोवर दांडी रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागापासून) 20 मिलिमीटरवरून 18 च्याही आत आली होती. एवढं सरकवूनही जमत नसेल तर दोष रेस्टच्या जागेचा नाही, असं मी धरलं आणि दांडीकडे वळले.

340 हा आकडा दांडी किती वाकते ते सांगतो. 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू, मधोमध 880 ग्रॅम वजन, आणि दांडी 0.340 इंच खाली झुकते. आकडा लहान तितकी दांडी ताठ. पण सुटताना ती किती वाकते हे लांबी, टोकाचं वजन आणि धनुष्याचा जोर यांवरही ठरतं. 55 पौंडांना आणि 28 इंचांना ही दांडी ताठच पडत होती, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची ताठ दांडी ब्रॉडहेड डावीकडे नेते. नवीन दांड्या घेण्याआधी 125 ग्रेनची टोकं लावून पाहिली, फील्ड पॉइंटही त्याच वजनाचे. टोक जड झालं की दांडी जास्त वाकते. रेस्ट मूळ जागी आणून मारलं तर अंतर फक्त सव्वा इंच! एकदा 0.8 मिलिमीटर उजवीकडे, आणि दोन्ही ग्रुप एकमेकांत मिसळले. त्या संध्याकाळी मी बाण उपटायलाही गेले नाही, कितीतरी वेळ लांबूनच बघत उभी होते.

बाण आता 440 ग्रेनचा झालाय. तोलबिंदू नॉकपासून 17.1 इंचांवरून 17.7 वर सरकला, म्हणजे एफओसी (तोलबिंदू बाणाच्या मध्यापासून किती पुढे आहे, ते लांबीच्या टक्क्यांत) सुमारे 11 टक्क्यांवरून 13 वर. साइट आत्ता कुठे हलवली, जड बाण खाली लागतो म्हणून, आणि दोन्ही टोकांसाठी एकच.

चार नंबरचा बाण तरीही बाहेरच पडत होता. ब्रॉडहेडचं टोक टेबलावर टेकवून दांडी बोटांनी गरकन फिरवली, तर पात्यांच्या मुळाशी थरथर जाणवली. दांडीचं तोंड काटकोनात नव्हतं. इन्सर्ट (टोक आटायची दांडीतली नळी) काढला, तोंड घासून सरळ केलं, पुन्हा चिकटवला. आता टोक एका जागी शांत फिरतं. दरम्यान प्रत्येक बाण कानाजवळ वाकवून चरचर ऐकायची सवय लागली आहे. तडा गेलेली कार्बनची दांडी हातात फुटू शकते, तेव्हा ही सवय तुम्हीही लावून घ्याच. फोममध्ये मारून बोथट झालेली पाती मी सरावापुरती वेगळी ठेवते.

सध्या 30 मीटरवर फरक शून्य, 40 वर ब्रॉडहेड दीड इंच उजवीकडे. पण हे फक्त सत्राच्या शेवटी होतं, हात थकल्यावर, ग्रिप तळव्यात खोल गेली की. अंगठ्याच्या मुळाशी टेकवून धरली तेव्हा सहापैकी पाच बाण जागेवर बसले. पुढच्या वेळी सत्राचे पहिले सहा बाण 40 वर, ब्रॉडहेडनेच.