गंजून धरलेला लोअर आर्मचा बुश : माझा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिनं लोकांनी लगेच उघडून घेतली, पण खालचे बोल्ट तसेच राहिले. माझ्या मारुती ८०० चंही तेच झालं. खड्ड्यात डाव्या बाजूनं 'टक्' आवाज येऊ लागला आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग ओढायला लागलं. लोअर आर्म म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा. त्याच्या आतल्या टोकात बुश असतो : आत स्टीलची नळी, बाहेर पातळ कडी आणि मध्ये रबर. ते रबर फाटलेलं दिसलं.

बुशमधून आरपार जाणाऱ्या बोल्टचा नट सहज सुटला, बोल्ट मात्र हलेना. अशा वेळी जोर लावण्याआधी गंजानं नेमकं कुठे धरलंय ते पाहावं. बोल्टच्या डोक्याला रिंग पाना लावून थोडं फिरवा. पाना सोडल्यावर डोकं स्प्रिंगसारखं मागे आलं, तर बोल्ट बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीला चिकटलाय आणि तुम्ही नुसतं रबर पिळताय. बोल्ट आणि नळी यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत पाणी आणि गाळ शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून ती फट पाचरीसारखी भरून जाते. इथले गुजराती कारागीर त्याला 'काट' म्हणतात.

पेनिट्रेटिंग ऑइल (बारीक फटीत झिरपणारं तेल) दोन्ही बाजूंनी मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं. नट दोन-तीन आटे परत चढवून (म्हणजे आटे चेपत नाहीत) त्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीनं ठोकलं. बोल्ट हलला नाही. गॅसची ज्योत मी लावू देत नाही. रबर पेटतं, धूर वाईट असतो आणि जवळच ब्रेकचा होज व बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांच्यातल्या सांध्याचा) रबरी बूट असतो.

मग कापणं. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ठोकळे आणि बॉडीखाली मजबूत स्टँड, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आतली नळी रबराच्या थोडी बाहेर येऊन आर्म धरणाऱ्या बॉडीवरच्या ब्रॅकेटला टेकते. त्या दोन-चार मिलिमीटरच्या जागेत बायमेटल हॅकसॉ ब्लेड घालून नळी आणि बोल्ट एकत्र कापायचे, दोन्ही बाजूंनी. इंचाला २४ दात असलेलं ब्लेड घ्या, थेंब थेंब तेल सोडा आणि घाई करू नका. ब्रॅकेटला ब्लेड लागू देऊ नका. बुश शंभर मिळतील, ब्रॅकेट गेली तर वेल्डिंग आलं. बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर बारचं टोक सोडलं की आर्म हातात येतो.

बुश काढण्याआधी तो आर्मच्या कडेपासून दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे ते व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवा. रबरात ड्रिलनं भोकं पाडून मधला गाभा काढला. बाहेरची पातळ कडी आर्मला धरून बसली होती. हॅकसॉच्या फ्रेममधून काढलेलं ब्लेड आतून चालवून कडीला एक चीर दिली. चमकतं नवं लोखंड संपून गंजाची तपकिरी रेघ दिसली की थांबायचं, कारण त्याच्यामागे आर्म आहे आणि त्यावरचा ओरखडा पुढे तडा होतो. चिरेच्या कडेला बारीक छन्नी लावून कडी आत वळवली, की तिची पकड सुटते.

नवा बुश मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्रेसवर बसवून घेतला. आर्मचं घर (बुश बसतो तो गोल भाग) पातळ असतं, म्हणून खाली बुशपेक्षा जरा मोठ्या तोंडाचा पाइप आधाराला लागतोच. दाब बाहेरच्या कडीवरच हवा. बुश फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला सगळे देतात. पण ३५ मिलिमीटरची स्टीलची कडी ४५ अंशांनी थंड झाली तरी जेमतेम ०.०२ मिलिमीटर आक्रसते. त्यापेक्षा घर पॉलिश पेपरनं साफ करून तोंडाशी साबणाचं पाणी लावणं जास्त उपयोगी. ग्रीस नको, रबर फुगतं.

बोल्ट नवाच घ्या. नळीत राहणाऱ्या भागाला अँटीसीझ (गंजून चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, आटे कोरडे ठेवा. शेवटचा ताण मात्र आर्म लोंबकळत असताना देऊ नका. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेलं असतं. चाक हवेत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकताच ते पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. मी चाकं जमिनीवर टेकवून, पुढची बाजू दोन-तीनदा दाबून, गॅरेजच्या खड्ड्यातून टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळतोय ते दाखवणाऱ्या) मॅन्युअलच्या आकड्याला आवळला. त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट केलं आणि उजव्या बाजूचा बोल्ट अजून फिरतोय तोवर काढून, पुसून, अँटीसीझ लावून परत घातला.