सोल्डरिंगसाठी स्वस्त डिजिटल (कॅमेऱ्याचा) मायक्रोस्कोप घेताना

खोक्यावर छापलेल्या '१०००एक्स'कडे लक्षच देऊ नका. ०.५ मिमी पिचच्या (शेजारच्या दोन पायांमधलं अंतर) आयसी चिपला किंवा ०४०२ मापाच्या रेझिस्टरला (१ × ०.५ मिमी) १० ते २० पट मोठं दिसलं की भरपूर झालं. बघायचं ते लेन्स आणि बोर्डामधलं अंतर. ते किमान ८-१० सेंटिमीटर हवंच, नाहीतर सोल्डरिंग आयर्नचं टोक तिरकं आत शिरत नाही आणि फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायच्या रसायनाचा) धूर थेट काचेवर बसतो. चित्र धुरकट झालं, तर फोकस फिरवण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

यूएसबीवरून लॅपटॉपवर बघताना चित्र हाताच्या मागे पडतं. स्वतःचा स्क्रीन किंवा एचडीएमआय असलेलाच घ्या.

लेन्सभोवतीचे एलईडी शक्यतो बंद ठेवा. सोल्डर आरशासारखं चमकतं आणि त्या पांढऱ्या डागाखाली दोन पायांमधला ब्रिज (त्यांना चुकून जोडणारं सोल्डर) चक्क लपतो. त्यापेक्षा ट्रेसिंग पेपर लावलेला दिवा बाजूने तिरका टाका. मग चांगला सांधा लगेच ओळखू येतो: सोल्डर पायावर चढून पॅडकडे (पाय जिथे जोडायचा त्या बोर्डावरच्या धातूच्या ठिपक्याकडे) पातळ होत गेलेलं दिसतं. नुसता गोळा दिसला, तर पॅडने ते धरलेलंच नाही.

ब्रिज झाला तर आधी फ्लक्स घाला. ६३/३७ सोल्डरला (६३% कथील, ३७% शिसं) ३२०-३५० अंश सेल्सियस पुरतात. टोक साफ करून पायांच्या दिशेने बाहेर ओढा; उरलेलं डिसोल्डरिंग विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) उचला.

एकाच कॅमेऱ्यातून खोली कळत नाही. म्हणून टोक वरून उतरवू नका, आधी पॅडजवळच्या मोकळ्या बोर्डाला हलकेच टेकवा आणि तिथून सरकवत न्या.