मंगळवारचं माथेरान

गणपती झाले, पाऊस जरा ओसरला आणि आईने परत तोच विषय काढला, माथेरानला जाऊया. लग्न झाल्या झाल्या बाबांबरोबर एकदा गेली होती, तेव्हापासून ते तिच्या मनात बसलंय. मी इतकी वर्षं टाळत होतो कारण शनिवार-रविवारची गर्दी मला झेपत नाही. यावेळी सरळ दोन दिवस रजा टाकली आणि मंगळवारी सकाळची कर्जत लोकल पकडून आम्ही नेरळला उतरलो, मी, आई आणि ताई.

पावसाळ्यात नेरळवरून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, घाटात दरडी येतात, माती रुळांवर येते. म्हणून स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी केली. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे गाड्यांना बंदी. तिथून चालत जा, घोड्यावर जा नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून शटल पकडा, म्हणजे तीच छोटी गाडी, फक्त तिथून माथेरानपर्यंतची. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला आणि ताईला शटलमध्ये बसवलं आणि मी रुळाच्या कडेने चालत निघालो.

हे रूळ म्हणजे नुसती दोन फुटांची रुंदी. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःचे 16 लाख रुपये घालून ही लाइन बांधली आणि 1907 साली गाडी सुरू झाली. त्या काळचे 16 लाख! आणि घाट असा की गाडीला सारखी वळणं घेत घेत, जवळपास 21 किलोमीटर फिरून वर यावं लागतं. 2005 च्या जुलैतल्या त्या पावसात रूळच वाहून गेले होते, परत सुरू व्हायला 2007 उजाडलं. नंतरही दोनदा बंद पडली, तरी दर वेळी परत उभी राहिली याचं मला फार कौतुक वाटतं.

चालायला लागल्यावर पाच मिनिटांत जाणवलं की कान हलके झालेत. हॉर्न नाही, इंजिन नाही, मागून कोणी कट मारून जाईल ही भीती नाही. झाडांवरून पाणी टपटपतंय, लांबून घोड्याच्या गळ्यातले घुंगरू, आणि मध्येच कुठूनतरी शीळ. अगदी माणसाने वाजवावी तशी, थोडी लांबट, थोडी विसरल्यासारखी. शीळ कस्तूर पक्षी. मी दोनदा मागे वळून पाहिलं कोण बोलावतंय म्हणून. तेवढ्यात समोरून एक हमाल आला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला गॅस सिलेंडर आणि पायात साधी प्लास्टिकची चप्पल. लाल चिखलात पाय रोवून रोवून चालत होता, एकदाही घसरला नाही. गावातल्या प्रत्येक चहाच्या मागे, प्रत्येक हॉटेलच्या थाळीच्या मागे असा कोणीतरी माणूस किंवा घोडा आहे, हे तिथे डोळ्यांनी बघितलं की जेवण टाकवत नाही.

माथेरान 1850 साली ह्यू मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरने 'शोधलं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो चौक गावाच्या बाजूने चढून वर आला हे खरं, पण त्याच्या आधी धनगर, ठाकर, कातकरी इथे राहतच होते की! माथ्यावरचं रान हे नाव काय साहेबाने दिलं नाही. त्याने बंगले आणले, मग गव्हर्नर एलफिन्स्टन आला, मग पारशी शेटजी लोकांनी मोठमोठे व्हरांडे असलेली घरं बांधली. आज त्यातली कितीतरी बंद आहेत, फाटकाला गंज, पायऱ्यांवर शेवाळ, पण कौलं अजून शाबूत.

दुपारी शार्लोट लेकवर गेलो. आई काठावर बसून राहिली, काही बोलली नाही. शेजारीच पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे हात जोडून आली आणि म्हणाली, "तेव्हा पण असंच धुकं होतं." एवढंच. मी पण पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी बाजारात ताईला चप्पल घ्यायची होती. दुकानातले काका म्हातारे, बोलके. आम्ही पॉइंट्सची चौकशी करत होतो तर ते म्हणाले, पॉइंट सगळेच बघतात, भाई कोतवालांचं गाव आहे हे माहितेय का? मला नाव माहीत होतं, जन्म इथला हे माहीत नव्हतं. लाजच वाटली. 1 डिसेंबर 1912 ला माथेरानमध्येच जन्मलेला नाभिक घरातला मुलगा, शिकून वकील झाला, आसपासच्या गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. 1942 च्या चळवळीत आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे टॉवर पाडायला सुरुवात केली. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने गेले, बरोबर त्यांचे साथीदार हिराजी पाटील पण. तिशी नुकतीच ओलांडली होती! काका हे सगळं चपलेच्या टाचेवर हातोडी मारत मारत सांगत होते, आणि भाई म्हणताना असं म्हणत होते की जणू घरातला मोठा भाऊ.

आता तिथे ई-रिक्षा आल्यात. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणूस यांच्यासाठी त्या हव्यातच, आणि माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टानेच 2025 मध्ये सांगितलंय ते फार बरं झालं, फक्त त्या ओढणाऱ्यांनाच नवीन रिक्षा मिळायला हव्यात. पण खाजगी गाड्या वर येऊ देऊ नका, कधीच नाही. 2003 पासून हा इको सेन्सिटिव्ह भाग आहे आणि तो तसाच राहू दे. पर्यटकाला अडीच किलोमीटर चालवत नसेल तर शटल आहे, घोडा आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी आणि ताई पॅनोरमा पॉइंटला निघालो. टॉर्चच्या उजेडात लाल वाट, अंगावर पडणारं दव, दोघंही गप्प. पोचलो तेव्हा अंधारच होता. खाली नेरळ, पलीकडे बदलापूरपर्यंत दिव्यांची रांग लुकलुकत होती, आणि पूर्वेला भीमाशंकरच्या डोंगरांची काळी कड हळूहळू दिसायला लागली. सिद्धगड त्याच बाजूला. ताई म्हणाली, याच विजेच्या तारा ना? मी हो म्हटलं. मग उजाडायला लागलं तसे खालचे दिवे एकेक करून विझत गेले आणि मागच्या झाडीतून परत ती शीळ आली.