पाचट जाळू नका, कर्ब जमिनीत राहू द्या

ऊस तोडल्यावर शेतात उरलेली वाळकी पानं म्हणजे पाचट. ते पेटवलं की उसाने वर्षभर पानांत साठवलेला कर्ब (कार्बन) तासाभरात धूर होऊन हवेत जातो. जीव तुटतो ते पाहून. पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. एकरी साधारण 4 टन पाचट निघतं. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. युरिया चुकवला तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो.

काही महिन्यांनी थर उचलून बघा: बुरशीचे पांढरे धागे, खाली रवाळ माती. जास्त टिकतो तो मात्र मुळांचा कर्ब, कारण तो मातीच्या कणांतच अडकतो. खोडवे घेताय तोवर नांगर घालू नका. कण फुटले की तोही उघडा पडतो.