आमची वाटचाल: डुलणाऱ्या बाटल्यांचा उन्हाळा

२०१३ च्या पावसाळ्यात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शेडमधून आमच्या बार्बेक्यू सॉसची पहिली बॅच निघाली. नागपुरातल्या सदर भागातल्या एका दुकानदाराने चमचाभर चाखून विचारलं, "हा सॉस होय का जाम?" त्याचं चुकलं नव्हतं. त्या बॅचचा ब्रिक्स, म्हणजे साखर आणि इतर विरघळलेल्या घटकांचं शेकडा प्रमाण, ४४ लागला होता, बाटली उलटी केली तरी सॉस खाली येत नव्हता. आज आमचा नेहमीचा माल ३६ वर उतरतो.

बार्बेक्यू सॉस मूळ अमेरिकेचा, आणि तिथेही तो एका चवीचा नाही. कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि मोलॅसिसचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) दाट गोड, नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची, साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा, अलाबामात चक्क मेयोनेजचा पांढरा. आम्ही पहिला धरला, कारण चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला तो लगेच ओळखू येतो. आंबट, गोड, तिखट आणि मागून धूर. ज्याच्या घरी निखाऱ्यावर वांगं भाजून भरीत होतं आणि गोवऱ्यांवर रोडगे शेकले जातात, त्याला धुराची चव शिकवावी लागत नाही. म्हणून हा सॉस इथे पार्टीपुरता राहिला नाही. पोरं तो पोळीला लावतात, बटाट्याच्या फोडींवर ओततात, कुणी पनीरला चोळून तव्यावर टाकतं.

मोलॅसिसच्या जागी आम्ही पहिल्या दिवसापासून काकवी वापरली. रंग येतो, किंचित कडसर मागची चव येते आणि गूळ-साखरेसारखे खडे बसत नाहीत. गूळ घ्यायचाच तर काळपट घ्यावा. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण सॉसला त्याचा उपयोग नाही. मिरची दोन प्रकारची: तिखटपणाला भिवापुरी, रंगाला ब्याडगी. टोमॅटो कळमन्याच्या बाजारातून, पूर्ण लाल आणि गरदार. देठाशी हिरवं असलेलं कॅरेट स्वस्तात मिळतं, पण त्या मालाचा सॉस विटकरी होतो.

हत्यारांत पहिली चूक रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे डोळा लावून ब्रिक्स मोजायच्या नळीची. दुकानात ० ते ३२ ब्रिक्सचा मिळाला, स्वस्त होता, घेतला. त्यात उसाचा रस, सरबत मोजता येतं. आमचा सॉस पट्टीच्या बाहेर. डोळा लावला की सगळं निळं-पांढरं एकच. २८ ते ६२ चा वेगळा येतो, तो घ्यायला तीन महिने लागले आणि तोवर अंदाजपंचे काम चाललं. आंबटपणा मोजणाऱ्या पीएच मीटरचंही तसंच. ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) रोज सकाळी जुळवल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नाही, आणि त्याचं काचेचं टोक कोरडं ठेवलं की मीटर मेला म्हणून समजा. शंभर लिटरची वाफेच्या जॅकेटची (दुहेरी भिंतीतल्या वाफेवर तापणारी) केटल जुन्या बाजारात मिळाली. ती अजून तीच आहे, तळ खरवडणारं पातं तेवढं दोनदा बदललं.

फुटाळा तलावावरचे एक भुट्टेवाले भाऊ आमचे पहिले कायमचे गिऱ्हाईक. दर शुक्रवारी पाच किलोचा कॅन. भुट्टा निखाऱ्यावरून उतरवला की अर्ध्या लिंबानेच सॉस फासायचे, त्यामुळे लिंबाचा आंबटपणाही लागायचा. पहिल्याच महिन्यात म्हणाले, "भाऊ, गोड कमी करा न जी, हात चिकटतेत लोकायचे." बाकी कुणी इतकं उपयोगाचं बोललं नव्हतं.

मग आम्हाला संत्र्याचा मोह झाला. नागपूरची कंपनी आणि सॉसमध्ये संत्रं नाही, हे कसं चालेल? २०१४ साली नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं होतं. अडचण अशी की संत्र्याचा रस उकळला की कडू होतो. बियांतून आणि पडद्यांतून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य उतरतं, रस काढताना गोड लागतो आणि तासाभराने किंवा तापवल्यावर कडवटपणा वर येतो. यावर आम्ही जी शक्कल काढली तीच पुढे अंगाशी आली: गॅस बंद करायचा, सॉस ५५ अंशांपर्यंत निवू द्यायचा आणि मग मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलोरा येणाऱ्या) संत्र्याचा कच्चा रस ढवळायचा. वास असा यायचा की शेडबाहेरचे लोक डोकावायचे.

तोवर आम्ही काचेत भरत होतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एक मोठे वितरक आले. नाव लिहीत नाही, बाजाराला माहीत आहे. त्यांची अट एकच: काच नको, पेट (प्लास्टिकची) बाटली द्या. काच फुटते, वजन वाढतं, भाडं वाढतं. साधी पेट बाटली सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडते, उकळता सॉस ओतला की तिची कंबर आत जाते. उष्ण भरणीची वेगळी पेट बाटली असते, पण ती आमच्या ऑर्डरच्या आकड्यात कुणी देईना. संत्र्याचा रस ५५ वर घालतोच आहोत, तर भरणीही ५५ वरच करू, असं ठरलं. वितरकांच्या माणसासमोर ठरलं, त्यांनीच मान हलवली. दोन हजार दोनशे बाटल्या गेल्या.

मे महिन्यात नागपूर काय असतं हे सांगायला नको. पंचेचाळीस अंश बाहेर, आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून वर. पहिला फोन वर्धेहून आला, "बाटल्या उभ्या राहात नाहीत." आधी कळेचना. पेटी परत आली तेव्हा पाहिलं: बाटलीचा खळगा पडलेला तळ बाहेर फुगून गोल झाला होता, टेबलावर ठेवली की ती भोवऱ्यासारखी डुलायची. झाकण फिरवलं की सोड्यासारखा फुस्स आवाज आणि केशरी फेस मनगटावर. वास ताडीसारखा.

प्रयोगशाळेने एका ओळीत सांगितलं: यीस्ट. पीएच ३.७ होता, म्हणजे घातक जिवाणूंच्या दृष्टीने माल आंबट होता. ४.६ च्या खाली बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढत नाही, हे आम्ही घोकलेलं. पण यीस्टला आंबटाचं काही वाटत नाही. त्याला साखर हवी, ऊब हवी आणि कुणी मारलेलं नसावं. कच्च्या रसातून ते आलं, ५५ अंशांत वाचलं, न उकळलेल्या झाकणाखाली बसलं आणि मेच्या उकाड्याने त्याला पोसलं. त्याच्याच वायूने तळ फुगले. प्रिझर्वेटिव्ह आम्ही घालत नव्हतो, त्याचा अभिमान लेबलवर छापला होता. दोष आमचा होता, हे आजही मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचं. सगळा माल परत आला, ठीक. पण त्यांनी परतीचं भाडं कापलं, "बाजारात नाव खराब झालं" म्हणून आणखी कापलं आणि त्याआधीच्या, काचेतल्या, एकही तक्रार नसलेल्या मालाचे पैसेही अडकवले. ते बिल अजून फाइलमध्ये आहे, चार लाख दहा हजारांचं. पेट बाटलीचा हट्ट कुणाचा होता, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हापासून आम्ही पॅकिंग बदलाचं बोलणं तोंडी करत नाही. तुम्हीही करू नका. साधा दोन ओळींचा मेसेज पुरतो.

शेड विकायची वेळ आली होती. आमचे सुरुवातीचे भागीदार, ज्यांनी केटलचे अर्धे पैसे घातले होते, त्याच महिन्यात बाहेर पडले. त्यांनी हिशेब नीट मिटवला, कडूपणा नाही. सहा महिने आम्ही फक्त भुट्टेवाल्या भाऊंचे आणि दोन-तीन तंदूरवाल्यांचे कॅन भरत होतो.

पुढच्या वर्षी त्याच वितरकांचा स्वतःचा सॉस आला. लेबलवर तसंच अर्धं कापलेलं संत्रं. आत स्टार्च. स्टार्च घालणं बेकायदा नाही, लेबलवर १४२२ सारखा आकडा दिसला की तो सुधारित स्टार्चच. पण ओळखायला लेबलही लागत नाही. बशीत चमचाभर सॉस पाण्यात पातळ करा, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर दाटपणा टोमॅटो आटवून आलेला नाही, पिठातून आला आहे. आम्ही त्यांची बाटली आणून केलं. काय रंग आला ते तुम्ही ओळखलं असेल.

आम्ही काचेवर परतलो. भरणी ८८ अंशांवर, बाटल्या आधी गरम (थंड काचेत उकळता सॉस म्हणजे तळ तडकलाच), झाकण लावून तीन मिनिटं उलट्या, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. रस बंद केला. संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग किसून आठ दिवस व्हिनेगरमध्ये मुरवतो. वास सालीच्या तेलात असतो, ते व्हिनेगरात उतरतं, आणि पांढरा भाग टाळला की कडूपणा येत नाही. त्यानंतर एकही बाटली डुललेली नाही. नंतरची वर्षं बरी गेली, टोमॅटो शंभरीपार गेला तो २०२३ चा जुलै सोडला तर.

आता घरी करण्याबद्दल. सॉस विकणाऱ्याने हे सांगू नये म्हणतात, पण लोक विचारतात आणि अर्धवट कृतींनी गंज (पातेलं) करपवून बसतात.

एक किलो पिकलेले टोमॅटो, एक मध्यम कांदा, सहा पाकळ्या लसूण, काळा गूळ ९० ग्रॅम, काकवी ५० ग्रॅम, चार टक्क्यांचं व्हिनेगर ८० मिली, मीठ १२ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, तिखट दोन चमचे, मोहरीची पूड एक चमचा, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा-अर्धा, चिंचेचा दाट कोळ एक मोठा चमचा, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन मोठे चमचे तेल. साधारण साडेपाचशे ग्रॅम सॉस होतो. चिंच का, तर अमेरिकन कृतींत वूस्टरशायर सॉस असतो, आणि त्यातही चिंचच असते.

टोमॅटोचे चार तुकडे करून झाकणाखाली शिजवा, निवू द्या, मिक्सरमधून काढून गाळा. गरम असताना मिक्सर लावू नका, वाफेने झाकण उडतं. वेगळ्या जाड बुडाच्या, उंच गंजात तेलावर कांदा-लसूण मंद आचेवर पंधरा मिनिटं परता. कांदा बोटाने चुरला गेला पाहिजे. इथे घाई केली तर तो कायमचा करकरीत राहतो, कारण आंबट पडल्यावर कांदा मऊ होत नाही. धूर हवा असेल तर तो इथेच द्यायचा: वाटीत पेटता कोळसा, त्यावर तेलाचे दोन थेंब, झाकण, चार मिनिटं. धूर तेलात नीट धरतो. तयार सॉसला धुंगार दिला तर वरच्या थराला राखेचा वास आणि खाली काहीच नाही.

मग गाळलेला टोमॅटो आणि लवंग-दालचिनीची कापडात बांधलेली पुरचुंडी घालून निम्मा आटवा. साखर अजून नाही. गूळ-काकवी आधी पडली की तळाला धरते, आणि एकदा करपट वास लागला की तो कशानेही जात नाही, तेव्हा सराटा (उलथनं) तळापर्यंत फिरत राहू द्या. निम्मा झाल्यावर थोड्या पाण्यात विरघळवून गाळलेला गूळ, काकवी, मीठ, कोळ, तिखट आणि बाकीच्या पूड घाला. आता तो फटफट उडतो आणि हातावर उडालेला थेंब चिकटून भाजतो. आच कमी, झाकण तिरकं. व्हिनेगर शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातलं तर वाफेबरोबर आंबटपणा उडून जातो, आणि त्याच आंबटपणावर सॉस टिकतो. पुरचुंडी काढून गुळगुळीत वाटा, परत एक उकळी द्या.

झाला का, हे बघायला थंड बशीत थेंब टाका. भोवती पाण्याची कडा सुटली तर अजून पाच मिनिटं. सुटत नसेल तर गॅस बंद करा, जरा पातळ वाटला तरी, कारण निवल्यावर तो घट्ट होतो. आमच्या ४४ ब्रिक्सवाल्या पहिल्या बॅचचं हेच झालं होतं. दहा मिनिटं उकळलेल्या काचेच्या बाटलीत गरमच भरा, फ्रिजमध्ये तीन आठवडे धरा. ओला चमचा घातला तर तेवढेही नाहीत.

आणि कोंबडी किंवा पनीर भाजताना सॉस सुरुवातीला लावू नका. साखर निखाऱ्यावर मिनिटांत काळी होते, आतलं कच्चं राहतं आणि दोष सॉसला जातो. मीठ-लिंबू-तिखट लावून भाजा, शेवटच्या आठ-दहा मिनिटांत ब्रशने दोन पातळ हात द्या.

भुट्टेवाल्या भाऊंचा कॅन अजून शुक्रवारीच जातो. त्यांच्यासाठी ३० ब्रिक्सचा वेगळा घाणा काढतो, कमी गुळाचा, लिंबावरून ओघळेल असा. मागच्या शुक्रवारी म्हणाले, "अजून गोडच लागते न जी."