तीन ओळींची पुल रिक्वेस्ट

एक ओपन सोर्स टूल, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, बसवत होते. इन्स्टॉलेशनच्या पानावर सांगितल्याप्रमाणे कॉन्फिग फाइल तयार केली, टूल चालवलं, आणि त्याने ती फाइल वाचलीच नाही. एरर नाही, इशारा नाही. आपलं डिफॉल्ट सेटिंग घेऊन मुकाट चालू. दोन संध्याकाळी यात गेल्या. उत्तर सापडलं ते एका बंद झालेल्या इश्यूच्या, म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवलेल्या तक्रारीच्या, पार तळाशी: दोन आवृत्त्यांपूर्वी फाइलचं नाव आणि जागा दोन्ही बदललं होतं. म्हणजे माहिती होती, फक्त ती कुणी पानावर आणली नव्हती.

प्रकल्पाच्या चॅटवर हे सांगितलं. पहिलं उत्तर आलं, "कोड वाचायचा की." दुसरं, "पीआर पाठवा." पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट: बदल स्वतः करून तो स्वीकारण्याची विनंती. यात चुकीचं काही नाही. पण ते ज्या सुरात आलं, त्याचा अर्थ 'आता पुरे' असाच होता. मीही इरेला पेटले.

असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनची, म्हणजे अशा माहितीपानांची, तक्रार केली होती, आणि ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण त्याला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही, असं सांगितलं होतं. त्या ६० टक्क्यांना मी आळशी समजत असे.

फोर्क केलं, म्हणजे प्रकल्पाची स्वतःची प्रत घेतली, तीन ओळी बदलल्या, पुल रिक्वेस्ट उघडली. मिनिटभरात लाल फुली. आपोआप तपासणी करणाऱ्या बॉटला साइन्ड-ऑफ-बाय हवं होतं, म्हणजे 'हा मजकूर देण्याचा मला हक्क आहे' अशी कमिटवरची, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरची, सही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००४ साली, त्यात आपला कोड असल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या कोर्टकज्ज्यांनंतर ही प्रथा आली. तिच्यामागचं कारण पटतं. तरी फाइलचं एक नाव दुरुस्त करताना शपथपत्र दिल्यासारखं वाटलंच. सही केली. मग लिंटर, म्हणजे मांडणी तपासणारा प्रोग्राम: ओळ ८० अक्षरांहून लांब. ती तोडली. मग कमिट संदेशाची सुरुवात विशिष्ट शब्दाने हवी. मग सगळे कमिट एकत्र करा. तोवर मुख्य शाखा पुढे गेली होती, म्हणून रीबेस, म्हणजे माझा बदल तिच्या ताज्या रूपावर पुन्हा बसवणं. रीबेसमध्ये एकदा माझ्या तीन ओळीच गायब झाल्या.

खरी गंमत पुढे. पान नीट दिसतंय का हे आपल्या मशीनवर बघूनच पाठवा, असा नियम होता. त्यासाठी स्फिंक्स, म्हणजे मजकुरातून अशी पानं तयार करणारं टूल, बसवायचं. ते कसं बसवायचं याचंही पान होतं, आणि तेही जुनं! त्यात दिलेली आवश्यक पॅकेजांची फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात, उरलेलीच नव्हती.

बदल तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरने लिहिलं, जुन्या जागेचाही उल्लेख ठेवा. दुसऱ्याने लिहिलं, जुनं सगळं काढा. दोघांनी एकमेकांशी बोलावं अशी नम्र विनंती मी केली आणि शांतता पसरली. साठाव्या दिवशी बॉटने 'शिळी' असं लेबल लावलं, आणखी सात दिवसांनी रिक्वेस्ट बंद केली. माणसं गप्प बसली म्हणून शिक्षा मला.

रागाने लांबलचक काहीतरी लिहायला घेतलं होतं. पाठवलं नाही. नुसतं विचारलं: दोन मतांपैकी कुठलं धरू? रात्री उशिरा प्रकल्प सांभाळणाऱ्या एका मेंटेनरचं उत्तर आलं. नोकरी सांभाळून हे काम करणारे आता दोघेच उरलेत, म्हणाले. शिवाय लहानशा डॉक्युमेंटेशन दुरुस्त्या बघितल्या की हात आखडतो. त्याचं कारण मला ठाऊक होतं. ऑक्टोबरात पुल रिक्वेस्टी पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात लोकांनी टी-शर्टसाठी प्रकल्पांची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलींत एखादा निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्टींचा पूर आणला होता; त्या ऑक्टोबरातच आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होकार देतील त्यांनाच मोजायचं ठरवावं लागलं. लांबून माझ्या तीन ओळीही त्याच वाणाच्या दिसत असणार.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली. तुम्हाला ते पान लागत नाही, म्हणून त्यातली चूक तुम्हाला दिसत नाही. मला दिसली, कारण मी अडले. आणि ही सगळी कसरत संपेपर्यंत मीही न अडणाऱ्यांत जमा होणार, मग मलाही दिसणार नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्याच रात्री रिक्वेस्ट पुन्हा उघडून मर्ज केली, म्हणजे प्रकल्पात सामील करून घेतली, आणि स्फिंक्सचं पानही दुरुस्त करशील का, असं विचारलं.

ते पान मी लिहिलं, बरंच मन लावून. तीन आठवड्यांनी त्यावर इश्यू आला: 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करा' असं लिहिलंय, पण ते करायचं कसं?

मी टाइप केलं, "हे तर सगळ्यांना..." तिथेच थांबले, खोडलं, आणि पानात ती कमांड घालायला बसले. लिंटरने पहिल्याच फेरीत ओळ लांब असल्याचं सांगितलं.