तांबेऱ्याची वंशावळ मांडताना

एमएस्सीच्या प्रकल्पात मला पिकांवरच्या तांबेऱ्याचे, म्हणजे पानांवर तांबूस फोड आणणाऱ्या बुरशीचे नमुने गोळा करून त्यांचं आपसातलं नातं डीएनएवरून तपासायचं होतं. ज्वारी, घेवडा, भुईमूग, सोयाबीन अशी चार पिकं घेतली. पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवली की नमुना टिकतो.

सूक्ष्मदर्शकाखालचं काम मला मनापासून आवडलं. ज्वारीच्या पानावरचा काळपट फोड सुईने खरवडून लॅक्टोफिनॉल या द्रावणाच्या थेंबात ठेवला की तपकिरी टेलिओस्पोर, म्हणजे जाड भिंतीचे बीजाणू दिसतात. दोन कप्पे, मधे जरा आवळलेले, खाली लांब देठ. हा पक्सिनिया. घेवड्यावरचा टेलिओस्पोर एकाच कप्प्याचा, टोकाला रंगहीन टेंगूळ. हा युरोमायसिस. कप्पे एक की दोन, यावरच या दोन प्रजाती (जीनस, म्हणजे अनेक जातींचे गट) वेगळ्या धरल्या गेल्या. भुईमूग आणि सोयाबीनवर मात्र मला फक्त युरेडिओस्पोर, म्हणजे तांबेऱ्याचे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू मिळाले. भुईमुगावर टेलिओस्पोर एरवीही क्वचितच सापडतात. तिथे डीएनएशिवाय इलाज नव्हता.

खरी कसोटी तिथेच लागली. तांबेरा जिवंत झाडावरच वाढतो, त्यामुळे बशीत वाढवून शुद्ध माल मिळवायची सोय नाही. स्पोरांबरोबर पानाच्या पेशी येतात, तांबेऱ्याच्या फोडांवर जगणारी दुसरी बुरशीही येते. सर्वसाधारण प्रायमर (डीएनएचा हवा तो तुकडा निवडून वाढवणारे छोटे धागे) वापरले की सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतला अक्षरक्रम, सरमिसळ येत होते. खास तांबेऱ्यासाठीचा प्रायमर वापरून २८एस या रायबोसोमच्या जनुकाचा तुकडा वाढवला, तेव्हा ते स्वच्छ वाचता आले.

जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहातले सिक्वेन्स जोडून वंशवृक्ष काढला आणि मी बराच वेळ तो बघत राहिले. युरोमायसिसची एकसंध फांदी नव्हतीच. त्याच्या जाती पक्सिनियांमधे विखुरल्या होत्या. म्हणजे कप्प्यांची संख्या अनेकदा बदललेली आहे, नात्याची ती भरवशाची खूण नाही. भुईमुगाचा तांबेरा पक्सिनियांतच बसला, सोयाबीनचा फॅकोप्सोरा दूर, वेगळ्या कुळात. एकेकाळी नेच्यांवरचे तांबेरे सर्वांत आदिम मानत. पण वंशवृक्षाच्या मुळाजवळ आला तो कॉफीवरचा तांबेरा, हेमिलिया. २००६ सालच्या रेणवीय अभ्यासातही असंच दिसलं होतं. २०२१ च्या वर्गीकरणात सगळ्या तांबेऱ्यांच्या गणाचे ७ उपगण आणि १८ कुळं केली आहेत.

नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर मी पक्सिनिया आणि युरोमायसिस ही नावं तशीच ठेवली. पक्सिनियाची नमुनाजाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जाती, गव्हाच्या खोडावरचा तांबेरा. प्रजाती फोडली तर ते नाव त्याच्या गटाकडे राहील आणि बाकीच्या असंख्य जातींना नवी नावं शोधावी लागतील. ते काम एका जनुकाच्या जोरावर करू नये, असं माझं मत आहे.